गणितात मागे पडलेली मुले : बालसखीपासून बाजारापर्यंत

४१ वजा १३ किती? तिसरी-चौथीतील अनेक मुले याचे उत्तर ३२ असे लिहितात. ही चूक निष्काळजीपणाची नसते. १ मधून ३ जात नाहीत, म्हणून मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. ४१ म्हणजे चार दशक आणि एक सुटा, हा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. वर्ग मात्र पाठ्यपुस्तकासोबत पुढे जातो आणि भागाकार येईपर्यंत ‘याला गणित जमत नाही’ असा शिक्का बसलेला असतो. हा शिक्का किती फसवा आहे, हे भारतातील संशोधनाने गेल्या अडीच दशकांत टप्प्याटप्प्याने दाखवून दिले आहे.

पहिला टप्पा मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांतला. ‘प्रथम’ या संस्थेच्या उपक्रमात वस्तीतील एक तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर बसवून पायाभूत वाचन आणि गणित शिकवीत असे. तिचे प्रारंभीचे प्रशिक्षण अवघ्या दोन आठवड्यांचे होते. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची यादृच्छिक चाचणी घेतली. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी मिळाली, उरलेल्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला; त्यामुळे तुलना आपोआप उपलब्ध झाली.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या वर्षी चाचणीतील गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. त्याहून बोलका तपशील निराळाच होता. बालसखीकडे मुले गेल्यामुळे मूळ वर्गातील गर्दी कमी झाली, तरी तेथे उरलेल्या मुलांची प्रगती जवळजवळ झालीच नाही. म्हणजे लाभ लहान वर्गाचा नव्हता. मूल जेथे अडकले होते, तेथून शिकवण्याचा होता. मात्र उपक्रम संपल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरून सुमारे ०.१० वर आला. आधार काढून घेतला की मूल पुन्हा त्याच वेगवान वर्गात सापडते, हा या प्रयोगाचा दुसरा धडा.

पुढचा प्रश्न होता, की शाळेपूर्वीच पाया घातला तर? दिल्लीतील २१४ बालवाड्यांत १,५४० मुलांवर झालेल्या प्रयोगात चार महिने संख्या व आकारांचे खेळ घेतले गेले. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष संमिश्र होता. संख्यांची अंतःप्रेरणेने होणारी जाण सुधारली आणि टिकली. पण प्राथमिक शाळेतील अंक-चिन्हांच्या गणितात तिचा उपयोग दिसला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हीच फट अधिक ठळक केली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले वजन, दर आणि सुट्या पैशांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करीत होती. तितकीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शालेय पद्धतीने मांडली, की ती अडखळत. बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ शाळकरी मुलांचे चित्र नेमके उलटे होते.

हे सर्व निष्कर्ष एकत्र ठेवले, की उपायाची दिशा स्पष्ट होते. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करणे आणि वहीत दशक सुटा करणे, या दोन कृती एकच आहेत, हे मुलाला आपोआप कळत नाही. ते त्याच वेळी, काडी आणि अंक शेजारी ठेवून दाखवावे लागते.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणात वजाबाकी येणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०२२ मधील २५.९ टक्क्यांवरून २०२४ मध्ये ३३.७ टक्क्यांवर गेले. ही वाढ आश्वासक आहे. पण तीनपैकी दोन मुले अजून ४१ वजा १३ पाशीच थांबली आहेत. त्यांच्यासाठी वेळापत्रकात रोजचा ठरावीक वेळ राखला जातो का आणि तो वर्षानुवर्षे टिकतो का, यावर या उद्दिष्टाचे भवितव्य अवलंबून आहे.

#विज्ञानवार्ता #गणितशिक्षण