लाल विजेचं चिन्ह

सर्ज प्रायसिंगला शिव्या घालायला आपल्याला टॅक्सीची अ‍ॅप्स पुरतात. पण या प्रकाराचा सगळ्यात अजब अवतार मला सापडला तो अमेरिकेतल्या मूव्हीपासच्या कहाणीत.

कंपनी २०११ ची. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी महिन्याची वर्गणी ९.९५ डॉलर केली, आणि त्यात रोज एक सिनेमा! तिथे एका तिकिटाची सरासरी किंमत तेव्हा ९ डॉलरच्या आसपास. म्हणजे महिन्यात दुसरा सिनेमा पाहिलात की कंपनी तोट्यात. कारण थिएटरपाशी जाऊन अ‍ॅपमध्ये चेक-इन केलं की कंपनी तुमच्या कार्डावर तिकिटाचे पूर्ण पैसे टाकायची. हिशोब जिमसारखा: लोक पैसे भरतील आणि फिरकणार नाहीत. पण जिमचा कंटाळा येतो हो, सिनेमाचा कोणाला येतो? जून २०१८ पर्यंत ३० लाखांवर सभासद झाले. (मालक कंपनी हेलिओस अँड मॅथेसन. ही एका चेन्नईच्या आयटी कंपनीची अमेरिकन शाखा होती, हे वाचून मी जरा सावरूनच बसलो.)

जुलै २०१८ मध्ये 'पीक प्रायसिंग' आलं. शोशेजारी लाल वीज दिसली की २ ते ६ डॉलर जादा. कारण काय, तर मागणी. आता बघा, टॅक्सीचं भाडं वाढलं की निदान चार ड्रायव्हर जास्त बाहेर पडतात. इथे एक खुर्ची तरी वाढणार होती का? थिएटरचं तिकीटही तेवढंच होतं. अर्ध्या रिकाम्या शोवरसुद्धा वीज दिसते, अशी लोकांची बोंब होती. टंचाई होती ती कंपनीच्या गल्ल्यात! २६ जुलैला तर पैसेच संपले, सेवा बंद पडली आणि ५० लाख डॉलर उसने घ्यावे लागले.

ऑगस्टमध्ये महिन्याला तीनच सिनेमे केले, वीज गेली. १४ सप्टेंबर २०१९ ला दुकान बंद, जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरी.

मला खरी चीड आली ती पुढचं वाचून. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप केला, की सगळ्यात जास्त सिनेमे बघणाऱ्या ७५,००० सभासदांचे पासवर्ड कंपनीने मुद्दाम रद्द केले होते. सांगितलं काय, तर 'संशयास्पद हालचाल'. नवा पासवर्ड घ्यायला जावं तर तेही बऱ्याचदा चालत नसे.

ती क्वेरी आपल्यासारख्याच कोणीतरी लिहिली असणार. तिकिटांच्या संख्येने उतरता क्रम, वरचे ७५,०००. आणि पासवर्ड रीसेट होत नाही म्हणून एखाद्या टेस्टरने बग टाकला असेल, तर तो बंद करताना काय लिहिलं असेल? 'वर्किंग अ‍ॅज डिझाइन्ड'?