डिजिटल संगीतवितरण

ध्वनी अंकांच्या रूपात साठवून तो फाइलमधून किंवा इंटरनेटवरील स्ट्रीमिंगद्वारे श्रोत्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. तबकडी, कॅसेट आणि सीडीच्या काळात गाण्याची प्रत विकली जाई. आता गाणे किती वेळा ऐकले गेले यावर पैसा ठरतो. त्यामुळे गाणे कोणाचे, याची नेमकी नोंद असणे हा या व्यवसायातला कळीचा मुद्दा झाला आहे. नोंदीत ज्याचे नाव नाही त्याला मोबदला मिळत नाही आणि नव्या श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मराठी संगीताला या बदलाची झळ बसते ती इथेच.

फिलिप्स आणि सोनी यांनी १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या सीडीसाठी दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात. आवाज स्वच्छ, पण फाइल अवजड. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी कानाच्या मर्यादांचा अभ्यास करून त्यावर उपाय शोधला. तबल्यावर जोरकस थाप पडली की त्याच क्षणी आसपासच्या स्वरपट्टीतला क्षीण आवाज कानाला जाणवत नाही. मग तो साठवायचाच कशाला, असा हा विचार. कसोटीसाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सुझॅन वेगा या गायिकेचे साथीविना गायलेले ‘टॉम्स डायनर’ पुन:पुन्हा ऐकले, कारण उघड्या मानवी आवाजातली खोट लपत नाही. १९९५ मध्ये या फाइलींना ‘एमपी३’ हे नाव मिळाले. १२८ किलोबिटच्या एमपी३ला सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्श्याइतकी जागा पुरते. फार दाबलेल्या फाइलीत तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे वरचे सूक्ष्म नाद मात्र विस्कटतात, आणि ख्याल ऐकणाऱ्याला ही उणीव चटकन कळते.

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग याच्या नॅपस्टरने लोकांना एकमेकांच्या संगणकांवरील गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय दिली. मेटॅलिका हा बँड आणि रेकॉर्ड कंपन्या न्यायालयात गेल्या, २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. लागलेली सवय मात्र गेली नाही. २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सवर एकेक गाणे ९९ सेंटला विकायला काढले आणि अख्खा अल्बम घेण्याची सक्ती संपली. २००८ मध्ये स्वीडनच्या स्पॉटिफायने विकत घेण्याऐवजी वर्गणी भरून ऐकण्याची पद्धत रुजवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होते आणि त्यातला सुमारे ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता.

भारतात मधला एक टप्पा वेगळा आहे. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते, कोळीगीते, भारुडे खेडोपाडी पोहोचली ती कॅसेटवरून. त्यानंतर पायरेटेड एमपी३ सीडींनी बाजार पोखरला, तेव्हा कंपन्यांना काही वर्षे तगवले ते मोबाइलवरच्या कॉलर ट्यूनने. ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे नियम कडक झाल्यावर तोही झरा आटला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि गाणे ऐकण्याचे मुख्य साधन फोन झाला. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आले. फुकट ऐकण्याची चटक सोडवणे मात्र अवघड ठरले: गाना हे गाण्यांचे ॲप २०२२ मध्ये सशुल्क झाले, रेसो आणि विंक ही ॲप २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांना ॲपची कटकट नको होती अशा वडीलधाऱ्यांसाठी सारेगामा या संगीत कंपनीने २०१७ मध्ये आधीच गाणी भरलेला ‘कारवाँ’ काढला. बटणाच्या या पेटीला मिळालेला प्रतिसाद पाहता, तंत्रज्ञान बदलले तरी ऐकणाऱ्याला जुनी सवयच हवी असते, असे दिसते.

पैशाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. बहुतेक सेवांमध्ये वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एकत्र गोळा होते आणि एकूण श्रवणांत ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात हक्कधारकांना वाटले जाते. पुण्यातल्या एखाद्या श्रोत्याने महिनाभर केवळ कुमार गंधर्व ऐकले, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग त्या महिन्यात गाजणाऱ्या गाण्यांकडे जातो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले की एक श्रवण धरले जाते. म्हणजे चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल आणि दोन मिनिटांचे नाचगाणे यांची किंमत सारखीच. रागसंगीतावर हा उघड अन्याय आहे. शिवाय २०२४ पासून, बारा महिन्यांत किमान १,००० श्रवणे न झालेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मोबदला मिळत नाही. छोट्या भाषांतल्या आणि छोट्या गावांतल्या कलावंतांना ही अट जाचक ठरते.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो आणि त्यावरून श्रवणे मोजली जातात. गीतकार-संगीतकारांची नोंद त्याहून वेगळी. गाणे चढवताना ही नावे बहुधा रोमन लिपीत भरली जातात; ज्योत्स्ना किंवा हृदयनाथ ही नावे रोमनमध्ये अनेक तऱ्हांनी लिहिता येतात, आणि एकाच कलावंताची गाणी वेगवेगळ्या नावांखाली विखुरतात. फोनच्या पडद्यावर गायकाचे नाव आधी दिसते, गीतकारासाठी आत शिरावे लागते. आकाशवाणीवर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे ऐकत वाढलेल्या मराठी रसिकाला हे खटकते. ‘आठवणीतली गाणी’ या अलका विभास यांच्या संकेतस्थळाने हजारो गाण्यांच्या शब्दांसोबत ही नावे जपली. मोठ्या कंपन्यांनी करायला हवे होते ते काम इथे निव्वळ आस्थेपोटी झाले.

कायद्याने लेखकांच्या बाजूने मोठे पाऊल टाकले ते २०१२ मध्ये. त्यापूर्वी चित्रपटगीतांचे कवी आणि संगीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क सोडून देत. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ज्याचा पाठपुरावा केला त्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था वगळता कोणालाही देऊन टाकता येईनासा झाला. मुंबई उच्च न्यायालयानेही या क्षेत्राला वळण दिले. टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक या खटल्यात, मालकाच्या संमतीविना ठरावीक दराने गाणी वाजवू देणारी रेडिओसाठीची वैधानिक परवान्याची सवलत इंटरनेटवरील सेवांना लागू नाही, असा निकाल २०१९ मध्ये लागला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. त्यामुळे ॲपला कंपनीशी दराची बोलणी करावीच लागतात.

गाण्याची घडणही बदलली आहे. लांब प्रास्ताविक संगीत मागे पडले आणि रील्स या छोट्या चित्रफितींमध्ये बसेल असा तुकडा आधी सुचू लागला. म्हणून सगळी नवी गाणी उथळ आहेत असे नाही. २०२४ मध्ये संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ रील्समधून देशभर पसरले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस संगीताचे गाणे स्पिनिन या नेदरलँड्समधील नृत्यसंगीताच्या लेबलने प्रकाशित केले. पूर्वी मुंबईतल्या कंपनीच्या दारात ताटकळावे लागे. आता शब्द न कळणारा श्रोताही मराठी ठेक्यावर नाचतो.

जुन्या ठेव्यासाठी हेच तंत्र वरदान ठरले आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यात राहून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ग्रामीण भारताविषयीच्या ‘परी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या ध्वनी-चित्रफितींसह इंटरनेटवर आणल्या, त्याही गाणारीचे नाव आणि गाव यांसकट.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता आवाजाचीच नक्कल शक्य केली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या अशा परवानगीविना वापराविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. हे आदेश मिळाले ते हयात, नामवंत आणि न्यायालयात जाऊ शकणाऱ्या गायकांना. संगणकाला शिकवण्यासाठी जुनी ध्वनिमुद्रणे वापरली, तर त्यातल्या साथीदारांना, गीतकारांना आणि लोकगायकांना काय मिळावे, याची स्पष्ट तरतूद भारतीय कॉपीराइट कायद्यात नाही.