गिटहब कोपायलट: कोड लिहिणारा एआय मदतनीस, फुकटात किती?
चाकण-भोसरीच्या कंपन्यांत नाहीतर तळवडे, हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी लागावी म्हणून खेड, मावळातली पोरं कोडिंग शिकतात. कोड ऑनलाइन ठेवायची मोठी जागा म्हणजे गिटहब. २०१८ पासून ती मायक्रोसॉफ्टकडे आहे. तिथला एआय मदतनीस कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, पण बहुतेकांना पैसे पडायचे. डिसेंबर २०२४ मध्ये मोफत योजना आली. तेव्हाची मर्यादा महिन्याला २,००० कोड-सूचना आणि ५० चॅट मेसेज. २०२५ पासून तो सोपवलेलं काम स्वतः करून तपासायला देतो. मात्र तो चुकतोही. मशीनच्या प्रोग्राममधली चूक कामगाराच्या हातावर बेतू शकते. त्यामुळे समजल्याशिवाय कोड चालवू नये. पासवर्ड आणि परवानगीशिवाय कंपनीचा कोड त्यात टाकू नये.