चिन्ह का उलटतं?

शाळेत बीजगणित शिकलेल्या बहुतेकांनी एक नियम पाठ केलेला असतो. दोन राशींच्या मध्ये लहान-मोठेपणाचं चिन्ह असेल आणि दोन्ही बाजूंना ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं, तर ते चिन्ह उलटं करायचं. का करायचं, असं विचारलं तर 'नियम आहे' एवढंच उत्तर पुष्कळदा मिळतं. मुलं तो नियम घोकतात आणि नेमक्या परीक्षेत विसरतात. पण मित्रहो, हा 'का' पोरकट नाही. मोठमोठ्या विद्वानांनाही त्यानं छळलं आहे.

भिल्लमालाचार्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम आहेत. ऋण म्हणजे सरळ कर्ज. हा शब्दच अर्धं कोडं सोडवतो. समजा, एकाच्या गाठीला ३ रुपये आहेत, दुसऱ्याच्या ५. दुसरा पुढे आहे. आता दोघांनाही उणे एकनं गुणा, म्हणजे गाठीच्या पैशांचं तेवढंच कर्ज करा. पहिल्यावर ३ रुपयांचं कर्ज, दुसऱ्यावर ५ रुपयांचं. आता बरी स्थिती कोणाची? पहिल्याची. रांगेची तोंडं फिरली की मागचा पुढे होतो, तसं हे झालं. मात्र दोघांनाही दहा-दहा रुपये दिले किंवा दोघांकडून घेतले, तर क्रम बदलत नाही. म्हणून मिळवताना, वजा करताना चिन्ह तसंच राहतं.

आपली भाषा इथे जरा चकवते. आपण 'मोठं कर्ज' म्हणतो. पण कर्ज मोठं झालं म्हणून कर्जदाराची पुंजी मोठी होत नाही.

ऋण संख्या मान्य करणं मात्र सोपं गेलं नाही. आपल्या भास्कराचार्यांचंच पाहा. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. इ. स. ११५०च्या सुमाराच्या त्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं एक गणित येतं. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली; एक फांदीवर दिसतं आहे. तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. भास्कराचार्य ५ हे उत्तर सोडून देतात. कारण पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की उणे २ उरतात. आणि उणे दोन माकडं लोकांना पटायची नाहीत!

युरोपात हा पेच आणखी टोकाला गेला. लहान-मोठेपणाची आजची चिन्हं प्रथम छापली गेली ती थॉमस हॅरियट यांच्या १६३१मधल्या ग्रंथात, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे १६६७मध्ये फ्रान्सच्या आंत्वान आर्नो यांनी शंका काढली. उणे १चं १शी जे प्रमाण, तेच १चं उणे १शी. मग लहानाचं मोठ्याशी आणि मोठ्याचं लहानाशी प्रमाण सारखं कसं? १७१२मध्ये लायब्निझसारख्या गणितज्ञानंही ही शंका रास्त असल्याचं मान्य केलं. आर्नो 'मोठा' म्हणजे आकारानं मोठा समजत होते. खरं तर इथे 'मोठा' म्हणजे रेषेवर उजवीकडचा. इंग्लंडच्या जॉन वॉलिस यांनी १६८५मध्ये दाखवलंच होतं की माणूस ५ यार्ड पुढे आणि ८ यार्ड मागे गेला, तर तो उणे ३ यार्डांवर असतो. तीही खरीखुरी जागाच. उणे एकनं गुणणं म्हणजे ही रेषा शून्याभोवती फिरवणं. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे.

आता थोडं मागे, नवव्या शतकातल्या बगदादला जाऊ. तिथल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथातल्या 'अल-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जिब्रा' हे नाव आलं. जब्र म्हणजे भरून काढणं. अरबीत मोडलेलं हाड बसवण्यालाही हाच शब्द आहे. समीकरणात वजा असलेलं पद दिसलं, की तेवढंच दोन्ही बाजूंना मिळवून ते भरून काढायचं. त्यांचा विषय समीकरणांचा होता. पण हीच युक्ती आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

समजा, उणे २ क्ष हे ६पेक्षा लहान आहे. दोन्हीकडे २ क्ष मिळवा. डावीकडे शून्य उरलं, उजवीकडे ६ अधिक २ क्ष. म्हणजे शून्य हे ६ अधिक २ क्षपेक्षा लहान. दोन्हीकडून ६ काढा. उणे ६ हे २ क्षपेक्षा लहान. दोननं भागा; उणे ३ हे क्षपेक्षा लहान. म्हणजेच क्ष उणे ३पेक्षा मोठा. आरंभी क्ष 'लहान' बाजूला होता, अखेरीस 'मोठ्या' बाजूला आला. ऋण संख्येनं आपण एकदाही गुणलं वा भागलं नाही, चिन्हालाही हात लावला नाही.

घरातल्या मुलाला नियम पाठ करायला लावण्याआधी एवढ्या चार ओळी त्याच्या वहीत त्याच्याकडूनच लिहून घ्याव्यात. मग परीक्षेत नियम आठवला नाही, तरी त्याला तो पुन्हा काढता येईल.