अंगणवाडीत मूल पाठवलं, पुढे काय? पालकांनी आणि गावाने करायची कामं

अंगणवाडी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे अजूनही खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण एवढंच येतं. मूल सकाळी सोडायचं, जेवण झालं की घरी आणायचं. तिथे शिक्षण काय मिळतं, हे विचारायला कुणी जात नाही. मग पाच वर्षांचं पोर पहिलीच्या दारात येतं, तेव्हा कळतं की त्याला चार लोकांत बोलता येत नाही, खडू धरता येत नाही, आईचा पदर सुटत नाही. पहिलीत मागं पडलेलं मूल पुढे सावरायला फार त्रास पडतो.

कांदा लावणाऱ्याला सांगायची गरज नाही की रोप कमजोर असेल तर पुढे खत कितीही टाकलं तरी उपयोग नाही. सहा वर्षांपर्यंतचा काळ हा मुलाची रोपवाटिका आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आधी होते. अंगणवाडीत मूल दिवसाचे काही तास असतं, बाकीचा सगळा वेळ घरी. म्हणून एकट्या सेविकेने हे काम पेलणार नाही. घर आणि गाव सोबत लागतं.

नाव 'अंगणवाडी' का पडलं?

हे नाव आपल्या महाराष्ट्रातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी इथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. कुणाला लहान भावंड सांभाळायचं होतं, कुणाला गुरं राखायची होती. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही चालवली. लोकांच्या अंगणात, लोकांच्या डोळ्यांसमोर चालते ती अंगणवाडी. म्हणजे लोकांचा सहभाग ही नंतर जोडलेली गोष्ट नाही, सुरुवातच तिथून आहे.

सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज गावातली अंगणवाडी याच योजनेतून चालते.

अंगणवाडीत काय मिळायला हवं?

योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, पूर्वप्राथमिक शिक्षण, आणि आई व किशोरींना पोषण-आरोग्याची माहिती. 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो. 3 ते 6 वर्षांच्या मुलांना तिथेच गरम ताजा आहार आणि शिक्षण.

शिक्षण म्हणजे पाटीवर अ-आ-इ गिरवणं नव्हे, हे नीट समजून घ्या. या वयात मूल खेळातून शिकतं. गाणी, गोष्टी, ठोकळे, माती, उड्या, रंग, वस्तू वेगळ्या करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हाच अभ्यास. महाराष्ट्रात यासाठी 'आकार' अभ्यासक्रम आहे. केंद्राने 2023 मध्ये 'पोषण भी, पढाई भी' कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर 3 ते 6 वयासाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आला. 'आमच्या पोराला अजून लिहायला शिकवलं नाही' म्हणून सेविकेशी भांडण्यात अर्थ नाही. साडेतीन वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरायला अजून तयार नसतात.

घरी काय करायचं? पैसे लागत नाहीत

रोज अर्धा तास मुलासोबत काही करा. वेगळा वेळ काढायची गरज नाही, कामं चालू असतानाच होतं.

स्वयंपाक करताना भाकरीच्या पिठाचा एक गोळा त्याच्या हातात द्या. बोटांत ताकद येते, पुढे पेन्सिल धरायला तीच कामी येते.

हरभरा, तूर, शेंगदाणे मिसळून वेगवेगळे करायला सांगा. यातून वर्गवारी आणि मोजणी येते. मात्र जवळ बसा, लहान मुलं दाणा नाकात-कानात घालतात.

जनावरांना पाणी पाजताना विचारा, कोणती बादली मोठी, कशात पाणी जास्त, कोणती गाय आधी आली.

कपडे वाळत घालताना रंग विचारा. बाजारातून भाजी आणली की नावं विचारा.

झोपताना गोष्ट सांगा. आजी-आजोबांकडे गोष्टींचा साठा असतो, त्यांना या कामाला लावा.

घरातली बोली अहिराणी असो, वऱ्हाडी, कोरकू की गोरमाटी, तिच्यातच बोला. घरची भाषा पक्की झाली की शाळेची भाषा लवकर येते.

आणि एक टाळा. मूल रडतंय म्हणून हातात मोबाइल देऊ नका. व्हिडिओ बघताना मूल शांत बसतं, पण बोलत नाही, हात चालवत नाही.

बापानेही यायचं

पालक सभेला जवळपास सगळ्या बायाच असतात. वडिलांना वाटतं हे आपलं काम नाही. पण मूल बापाचं बघूनही शिकतं. महिन्यातून एकदा तरी वडिलांनी अंगणवाडीत जाऊन बसावं. सुतारकाम येणाऱ्याने लाकडाचे ठोकळे करून द्यावेत, ज्याला गोष्ट येते त्याने गोष्ट सांगावी. बी-बियाणं, कणसं, पानं, जुने टायर, असलं बरंच साहित्य शेतात आणि घरात पडून असतं.

सभेची वेळही सोयीची हवी. कापूस वेचणी किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता सभा ठेवली तर मजुरीला जाणारी आई येणार कशी? सेविकेला आधी सांगा, ती वेळ बदलू शकते. अंगणवाडीत समुदाय आधारित कार्यक्रम ठरलेले असतात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचं अन्नप्राशन, सुपोषण दिवस, अंगणवाडीत नव्याने येणाऱ्या मुलांचं स्वागत. दर सप्टेंबरला पोषण महिना असतो. निदान या दिवशी जा.

माता गट कसे चालतात?

शाळापूर्व तयारीसाठी राज्यात 2022 मध्ये 'पहिले पाऊल' अभियान राबवलं गेलं. शाळेत मेळावा भरतो, त्यात पहिलीत येणाऱ्या मुलाची शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणन अशी तयारी वेगवेगळ्या टेबलांवर खेळातून पाहिली जाते. मग वस्तीतल्या चार-पाच आयांचा गट करायचा. घरी करायच्या कृती या गटाला मोबाइलवर आणि कार्डांवर मिळतात.

गट करताना घरं जवळजवळची घ्या. गटात एकीकडे स्मार्टफोन असला तरी चालतो, तिने बाकीच्यांना दाखवायचं. आठवड्यातून एकदा ओट्यावर अर्धा तास बसायचं आणि कुणाच्या मुलाने काय केलं ते सांगायचं. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा दाखवून गट चालत नाही.

गावाचे हक्क आणि जबाबदाऱ्या

निधी: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. स्वउत्पन्न 3 लाख असेल तर 30 हजार झाले. अंगणवाडीची चटई, खेळणी, पाण्याची टाकी, दुरुस्ती यासाठी मागणी करा. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना अंगणवाडीचं काम त्यात लिहून घ्या. आराखड्यात नसेल तर नंतर निधी मिळणं अवघड.

ग्रामसभा: वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. अंगणवाडीचा विषय महिला सभेत आधी मांडा, ठराव करा. विषय लेखी द्या, ग्रामसेवकाकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) पोच घ्या.

वस्तीवर अंगणवाडी नसेल तर: सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये आदेश दिला आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. तांडा, पाडा, वाडीवाल्यांनी मुलांची नावं आणि वयं लिहून यादी करावी, ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.

ऊसतोड आणि स्थलांतर: कारखान्याच्या भागात जाण्याआधी सेविकेला कळवा. मुलाची नोंद पोषण ट्रॅकर ॲपमध्ये असते, ती दुसऱ्या गावच्या अंगणवाडीकडे वळवता येते. तिथे पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगा. सहा महिने मूल पाचटात बसून राहिलं तर आधी शिकलेलंही विसरतं. ज्यांच्या गावात टोळ्या उतरतात त्यांनीही या मुलांना आपल्या अंगणवाडीत बोलवावं.

सेविकेला काय विचाराल?

या महिन्यात माझ्या मुलाचं वजन आणि उंची किती? मागच्यापेक्षा वाढली का? या आठवड्यात कोणता विषय, कोणती गाणी चालू आहेत? घरी मी काय करू? मूल इतरांशी खेळतं का, बोलतं का? मूल तीन वर्षांचं होऊनही शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर वाट बघू नका. सेविका, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

विचारताना सूर दरडावणीचा नको. एका सेविकेकडे आहार, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती, सर्वेक्षण, गृहभेटी असं सगळं असतं. तिला मदत केली तर शिकवायला वेळ मिळतो. मात्र अंगणवाडी सतत बंद राहत असेल, आहार मिळत नसेल, तर आधी मुख्यसेविका, मग प्रकल्प अधिकारी, असं लेखी कळवा. तारीख लिहा, प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर नाही आलं तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार करता येते. माहितीचा अधिकार आहेच, त्यात 30 दिवसांत माहिती द्यावी लागते.

गावात बरेच पालक गाडी लावून मुलाला तालुक्याच्या इंग्रजी केजीत पाठवतात. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण ज्यांना ते परवडत नाही त्यांची मुलं गावातच राहतात, आणि चांगल्या घरांनी पाठ फिरवली की अंगणवाडीकडे बघणारं कुणी उरत नाही. निदान येत्या ग्रामसभेत तरी हा विषय घ्यायला लावा. आपलं मूल तिथे जात असो वा नसो, अंगणवाडी सगळ्या गावाची आहे.