ख्रिस्तपुराणाचे श्रोते

इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले. साष्टींतील नवख्रिस्ती मंडळींचीं जुनीं पुराणें अंतरलीं होतीं. पण पुराणश्रवणाची गोडी का अशी सुटते? कोरडी प्रश्नोत्तरी त्यांस पुरेना. हें ओळखून पाद्रीबुवांनीं मराठी ओवीच हातीं घेतली, स्वर्गास वैकुंठ म्हटलें! माझ्या मतें त्यांचें खरें पांडित्य येथेंच दिसतें. सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें. देवनागरी खिळ्यांच्या अभावीं लिपी मात्र रोमन. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. त्या जुन्या छापील प्रती आज आढळत नाहींत. भाविकांनीं जपलेल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळुरास ग्रंथ पुन्हां छापविला.