यमू 'मी' म्हणते तेव्हा

साल 1890. तुम्ही पुण्यातल्या बुधवार पेठेत एका वाड्याच्या दिंडीतून वाकून आत शिरता. ओसरीवर वाद रंगलाय. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधानंतर दगावली, तेव्हापासून संमतिवयाच्या कायद्यावरून रान पेटलंय. आगरकर 'सुधारक'मधून कायद्याची बाजू लढवतात, टिळक विरोधात आहेत. ओसरीवर शास्त्राधार निघतात, आवाज चढतात. बोलणारे सगळे पुरुष.

तुम्ही माजघर ओलांडून मागच्या पडवीत जा. तिथे पाटावर एक मुलगी बसली आहे, फार तर सतरा-अठराची. कुंकू पुसलेलं, गळा मोकळा. न्हावी वाटीतलं पाणी तिच्या केसांत चोळतो. वस्तरा कपाळापासून मागे सरकतो, केसांची एक जाड बट मांडीवर पडते आणि ती झटकन मुठीत धरते. स्वतः सोवळी असलेली एक म्हातारी तिचे खांदे दाबून उभी आहे. "हलू नकोस गं बाई, लागेल." आवाजात खरी माया आहे, आणि मला त्या मायेचीच जास्त भीती वाटते. रागाने केलेला अन्याय ओळखता तरी येतो. थोड्या वेळाने लाल आलवण डोक्यावरून ओढलं जाईल आणि मंगलकार्यात तोंड दाखवायची तिला कायमची बंदी होईल. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झालाय, पण तो या पडवीपर्यंत पोचलेला नाही.

वस्तरा धरणाऱ्यांनाही हे सोसत नव्हतं. याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असा त्यांनी निर्धार केला. तुमच्या समोरच्या माणसाचे हात मात्र अजून चालताहेत.

आता पेठेतच आनंदाश्रमाकडे चला. संस्कृत पोथ्या जपण्यासाठी महादेव चिमणाजी आपट्यांनी ही वास्तू उभारली. त्यांचा पुतण्या हरी नारायण, वय वर्षं सव्वीस, याने नुकतंच 'करमणूक' हे साप्ताहिक काढलंय. त्यातून त्याची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने येते आहे. तुमच्या हाती अंक पडतो. तुम्ही वाचू लागता आणि थबकता, कारण बोलते आहे यमू. सगळी हकिकत तीच सांगते, 'मी' म्हणून.

ओसरीवरचे सगळे जिच्याविषयी बोलत होते, तिच्या तोंडी हरिभाऊंनी सुरुवातीपासूनच 'मी' दिला. ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता, हे विसरता कामा नये. त्यालाही कारण होता एका विधवेवरचा खटला. पण निबंधाशी वाद घालता येतो. यमूशी कसा घालणार? तिचं लहानपण तुम्ही पाहिलंय, लग्न पाहिलंय. रघुनाथरावांबरोबर मुंबईत थाटलेला संसार, तिथलं वाचन, मोकळं बोलणं, हे सगळं आठवड्यामागून आठवडे तुमच्या घरी आलंय. मग रघुनाथराव जातात आणि जबरदस्तीने तिचं केशवपन होतं. तो वस्तरा एव्हाना तुमच्या ओळखीच्या माणसाच्या डोक्यावर चालतो. साप्ताहिकातून सावकाश येण्याचा केवढा उपयोग हरिभाऊंनी करून घेतला! मराठी कादंबरी तोवर राजपुत्र आणि अद्भुत योगायोगांत रमली होती. बाबा पदमनजींनी 1857 मध्येच 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दुःखं मांडली, तरी घराघरातली रोजची भाषा अशी कथेत उतरली नव्हती.

मार्च 1891 मध्ये कायदा मंजूर होतो. संमतिवय दहाचं बारा होतं. केशवपनाबद्दल त्यात एक अक्षर नाही. यमूची हकिकत त्यानंतरही छापून येत राहते. ती 1893 मध्ये संपते. त्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्वे गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न करतात आणि त्यांच्या मुरुड गावचे लोक त्यांना वाळीत टाकतात.